आमच्या कॅसेटी आणि त्यांचा 'बेस्ट अल्बम'

बेंगळुरूच्या चामराजपेटेत लहरी नावाची एक रेकॉर्ड कंपनी आहे. कन्नड माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. १९८७ साली 'प्रेमलोक' या चित्रपटाच्या कॅसेटनं तिचं नाव कर्नाटकात घरोघर पोचवलं. एप्रिल २०२२ मध्ये याच कंपनीनं काढलेल्या 'डिव्हाइन टाइड्स' या अल्बमला अमेरिकेतलं ग्रॅमी मिळालं. बेंगळुरूचा संगीतकार रिकी केज आणि 'द पोलीस' या बँडचा ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड या दोघांचा तो अल्बम. विभाग होता 'बेस्ट न्यू एज अल्बम'. पुढच्या वर्षी त्याच अल्बमला 'इमर्सिव्ह ऑडिओ'साठी आणखी एक ग्रॅमी मिळालं.

पीएचडीच्या निमित्तानं मी सध्या याच पेटेत भाड्याच्या खोलीत राहते, त्यामुळे ही बातमी माझ्यासाठी गल्लीतली आहे. चामराजपेट १८९२ च्या सुमाराला आखून वसवलेली वस्ती. रस्ते सरळ, क्रॉस आणि मेनचे आकडे ठरलेले. रामनवमी आली की फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा मांडव पडतो आणि कर्नाटक संगीताच्या मैफली सुरू होतात. १९३९ पासूनची ही परंपरा. त्याच मतदारसंघात जगजीवनराम नगरही येतं. तिकडे कुणाची अंत्ययात्रा निघाली की तमटे वाजतं. तमटे म्हणजे आपल्या हलगीचं भावंड. मांडवातल्या गाण्याला 'संगीत' म्हणतात आणि तमट्याला 'आवाज' म्हणतात. आणि आवाजाची पोलिसांत तक्रार होऊ शकते, हे आपल्या वस्त्यांत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

या लेखाचा विषय मात्र पुरस्कार आहे, आणि त्यातही एकच: 'सर्वोत्कृष्ट अल्बम'. हा पुरस्कार कुणाला मिळतो यापेक्षा कशाला अल्बम म्हणायचं हे कोण ठरवतं, या प्रश्नात मला रस आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कॅसेटींचा एक खोका किंवा ट्रंक होती. त्यातली एकही कॅसेट देशाच्या कुठल्याही राष्ट्रीय पुरस्काराच्या टेबलावर कधी पोचू शकली नसती. ती वाईट होती म्हणून नव्हे. तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आधी अल्बम म्हणजे काय ते पाहू. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एलपीमुळे वीस-बावीस मिनिटं सलग मिळाली, आणि गाण्यांचा क्रम, त्यांच्यातला धागा, कव्हरवरचं चित्र, मागच्या बाजूचा मजकूर यांना अर्थ आला. गाणं एखादं जमून जातं. अल्बम जमवावा लागतो. त्यामुळे अल्बमला पुरस्कार देणं म्हणजे 'या माणसानं विचार करून एक कृती घडवली' असं जाहीर करणं. कादंबरीला पुरस्कार द्यावा तसं. वाद सगळा इथून सुरू होतो, कारण विचार करून घडवण्याचा मान सगळ्यांना सारखा मिळत नाही. काहींच्या वाट्याला 'प्रतिभा' येते, काहींच्या 'रांगडेपणा', काहींच्या 'उपजत ताल'.

ग्रॅमीचा पहिला सोहळा ४ मे १९५९ रोजी झाला. 'अल्बम ऑफ द इयर' हा विभाग तेव्हापासून आहे. पहिला मान हेन्री मॅन्सिनीच्या 'पीटर गन' या टीव्ही मालिकेच्या संगीताला मिळाला. ज्या देशात जॅझ, ब्लूज, गॉस्पेल, रॉक अँड रोल या सगळ्याचं मूळ कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आहे, तिथं स्वतःच्या नावावर हा पुरस्कार मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय कलावंत यायला १९७४ उजाडलं. तो स्टीव्ही वंडर. त्यानं त्या दशकात तीनदा तो मिळवला, त्यामुळे आकडेवारी बरी दिसते. कृष्णवर्णीय स्त्रियांचं बघा: नॅटली कोल १९९२, व्हिटनी ह्यूस्टन १९९४, लॉरिन हिल १९९९. आणि त्यानंतर थेट बियॉन्से, फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात बियॉन्सेच्या नावावर ग्रॅमीच्या इतिहासात सर्वाधिक पुरस्कार जमा झाले होते, पण हा एक चार वेळा नामांकन होऊनही हुकला. २०२४ च्या सोहळ्यात तिचा नवरा जे-झी यानं स्टेजवर उभं राहून हे बोलून दाखवलं: सगळ्यात जास्त ग्रॅमी जिच्याकडे, तिला अल्बमचं एकदाही नाही, हे तुमच्याच हिशोबात बसतं का?

रॅपचं आणखी वेगळं. १९८९ साली पहिल्यांदा रॅपसाठी विभाग निघाला, पण तो पुरस्कार टीव्हीवर दाखवायचा नाही असं ठरलं. ज्यांना तो मिळाला त्यांनीच, म्हणजे डीजे जॅझी जेफ आणि विल स्मिथनं, सोहळ्यावर बहिष्कार टाकला. विभाग द्यायचा, पण कॅमेरा लागायच्या आधी उरकून घ्यायचा. गावच्या जत्रेत आपल्या पालखीची वेळ कशी ठरते, ते आठवा.

मला यातला सगळ्यात उपयोगी भाग २०२१ चा वाटतो. ग्रॅमीत मतदान सदस्यांचं असतं, पण अनेक विभागांत त्यांच्या मतांतून आलेली यादी निनावी समित्या पुन्हा तपासायच्या आणि अंतिम नामांकनं ठरवायच्या. समितीत कोण, ते गुप्त. द वीकेंड या गायकाचा वर्षभर जगभर गाजलेला अल्बम एकाही नामांकनात आला नाही तेव्हा बोंब झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये या समित्या बहुतेक विभागांतून काढून टाकल्या. म्हणजे इतकी वर्षं 'गुणवत्ता' नावाची गोष्ट एका बंद खोलीत ठरत होती. लेखी परीक्षेत वरच्या नंबरात असलेली आपली पोरं मुलाखतीत कशी घसरतात, किंवा राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा कसा उमटतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही खोली ओळखीची वाटेल. वंश आणि जात एकच आहेत असं मी म्हणत नाही. खोलीची रचना सारखी आहे, एवढंच.

आता पुन्हा चामराजपेट. ज्या रात्री लहरीच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्याच रात्री 'अल्बम ऑफ द इयर' जॉन बतिस्त या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या 'वी आर'ला मिळाला. बतिस्तच्या अल्बममध्ये न्यू ऑर्लिन्स आहे, त्याची माणसं आहेत, त्यांचा झगडा आहे. आपल्याकडून गेलेल्या अल्बमचा विभाग 'न्यू एज'. हा विभाग १९८७ मध्ये सुरू झाला. ध्यान, शांती, निसर्ग, अध्यात्म असं ज्या संगीतात असतं ते त्यात जातं. रिकी केजला २०१५ मध्ये 'विंड्स ऑफ संसारा'साठी मिळालेलं ग्रॅमी याच विभागातलं. २०२५ मध्ये चंद्रिका टंडन यांच्या 'त्रिवेणी'ला मिळालं तेही याच विभागातलं. या कलावंतांच्या मेहनतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला दरवाजाबद्दल म्हणायचंय. भारतातून येणारं संगीत अमेरिकेला कुठल्या दरवाज्यातून ऐकू येतं? मंत्राच्या, श्वासाच्या, शांतीच्या. भारताची जी प्रतिमा जगाला विकली गेली, तिच्यात शंभर पिढ्यांची शांतता आहे; गावकुसाबाहेरचा माणूस नाही आणि त्याचं भांडणही नाही. भीमगीताला 'न्यू एज' म्हणता येणार नाही. ते ऐकून कुणाची झोप लागत नाही, उडते.

बरं, अमेरिकेचं राहू द्या. आपल्या देशात काय आहे?

सरकारकडे तीन मोठे दरवाजे आहेत. संगीत नाटक अकादमी १९५२ साली स्थापन झाली. ती व्यक्तींना गौरवते: गायन, वादन, नृत्य, नाट्य, आणि शेवटी लोक व पारंपरिक कला. दुसरा, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. त्यात संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून आहे. तिसरा, पद्म. तोही व्यक्तीला. ध्वनिमुद्रित अल्बम, जो ना चित्रपटाचा ना घराण्याचा, त्याच्यासाठी यात जागा नाही. साहित्य अकादमी जसं पुस्तकाला पारितोषिक देते तसं गाण्यांच्या संग्रहाला देणारी संस्था या देशानं उभी केली नाही.

हे तांत्रिक वाटेल, पण याचा परिणाम बघा. गाणारा दलित या रचनेत दोनच रूपांत दिसू शकतो. एक, लोककलावंत. कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या पिंडीपापनहळ्ळीचे तमटे वादक मुनीव्यंकटप्पा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. ज्या वाद्याला शिवता येत नव्हतं ते राष्ट्रपती भवनात पोचलं. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांना दोन राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला, आणि अखेरच्या वर्षांत हलाखीही मिळाली. पण 'लोक' या शब्दात एक मेख आहे. लोककला कुणा एकाची नसते, ती 'परंपरेनं आलेली' असते. म्हणजे वाजवणाऱ्याचा सत्कार होतो, कर्तेपण मात्र परंपरेच्या खात्यावर जमा होतं. त्यागराजांची कृती त्यागराजांची. आमचं गाणं मातीचं.

दुसरं रूप म्हणजे चित्रपटातलं पात्र. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यामुळे खटल्यात अडकलेल्या लोकशाहिराची ती गोष्ट. संगीत संभाजी भगतांचं, शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार. चित्रपट चांगलाच आहे. पण शाहिरी राष्ट्रीय पुरस्काराच्या मंचावर पोचली ती कथेचा विषय म्हणून. शाहिराचा अल्बम म्हणून तिला पोचायला वाटच नाही.

खासगी पुरस्कारांचंही तेच. फिल्मफेअर १९५४ मध्ये सुरू झालं, संगीताचा पहिला मान 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना मिळाला. सुरुवातीला तो एका गाण्यासाठी असे, पुढे संपूर्ण चित्रपटाच्या संगीतासाठी झाला. तिथंही निवाड्याची भांडणं जुनीच. १९७३ साली संगीताचा पुरस्कार 'बेईमान'ला गेला तेव्हा त्याच चित्रपटासाठी मिळालेला स्वतःचा पुरस्कार प्राण यांनी नाकारला. त्यांचं म्हणणं होतं की तो मान 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मद यांचा आहे. गुलाम मोहम्मद पाच वर्षांपूर्वीच, १९६८ मध्ये वारले होते. स्वतःच्या हातातली बाहुली परत करणारे असे किती सापडतात? पुढे २००९ मध्ये मिर्ची म्युझिक अवॉर्ड्स आले, त्यात 'अल्बम ऑफ द इयर' असं नावच होतं. पण तो अल्बमही चित्रपटाचाच.

आणि मग २०२०. फेब्रुवारीत गुवाहाटीला झालेल्या सोहळ्यात फिल्मफेअरचा 'बेस्ट म्युझिक अल्बम' दोन चित्रपटांत विभागून दिला: 'कबीर सिंग' आणि 'गली बॉय'. 'गली बॉय'ला एकूण तेरा पुरस्कार मिळाले. मुंबईच्या वस्त्यांत घडलेलं रॅप पहिल्यांदा 'सर्वोत्कृष्ट अल्बम' ठरलं, गीतलेखनाचा मान अंकुर तिवारीबरोबर डिव्हाइनला, म्हणजे अंधेरीच्या गल्लीतून आलेल्या विवियन फर्नांडिसला मिळाला. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पण याच अल्बममधलं 'आझादी' घ्या. डब शर्मानं २०१६ मध्ये जेएनयूतल्या घोषणांवर जो मूळ ट्रॅक केला होता त्यात मनुवादापासून आझादी मागितलेली होती. चित्रपटाच्या अल्बममध्ये भूक आली, गरिबी आली, भ्रष्ट व्यवस्था आली. मनुवाद गेला. एक शब्द गळाला आणि गाणं पुरस्काराच्या दारातून आत जाण्याइतकं बारीक झालं. कुणी मुद्दाम कट केला असं मला म्हणायचं नाही. बाजारात हे कटाशिवाय होतं. गरिबी चालते, कारण ती कुणाचीच चूक नसते. जात म्हटलं की समोर बसलेल्यांचं नाव घ्यावं लागतं.

नाव घेतल्यावर काय होतं त्याचं उदाहरण चामराजपेटेच्या शेजारचंच आहे. 'प्रेमलोक'चे संगीतकार हंसलेखा. त्यांना 'गानयोगी पंचाक्षरी गवाई'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळालेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये म्हैसूरच्या एका कार्यक्रमात ते बोलून गेले की पेजावर स्वामींनी दलिताच्या घरी जाण्यात मोठं ते काय, तिथं ते जेवणार आहेत का? बसवनगुडी पोलीस ठाण्यात तक्रार झाली, त्यांना माफी मागावी लागली, ठाण्यात हजर व्हावं लागलं. राष्ट्रीय पुरस्कार भिंतीवरच राहिला.

इथं थोडं मागं जाते, कारण ध्वनिमुद्रणाचा एक चांगला इतिहासही आहे आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. तबकडी नावाच्या यंत्रानं सुरुवातीला ज्यांचे आवाज घराघरांत नेले त्यांत सभागृहांनी आणि सभ्य घरांनी दूर ठेवलेल्या बायका पुढे होत्या. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या. १९३० च्या दशकात हुबळीच्या गंगूबाई हनगल एचएमव्हीसाठी गायल्या, तबकडीवर नाव आलं 'गांधारी', आणि त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये मराठी गाणी भरपूर होती. या गंगूबाई १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये लहान वयात गांधींसमोर गायल्या होत्या. गाण्याची भीती वाटली नाही, पंगतीची वाटली, अशी त्यांची आठवण आहे. आपल्याला वेगळं बसवतील, उष्टी काढायला सांगतील ही धास्ती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७३ मध्ये मिळाला, पद्मविभूषण २००२ मध्ये. यंत्रानं चाळीस वर्षं आधी ऐकलं होतं. यंत्राला जात विचारायची सवय नसते. ती कंपनीला असते, दुकानदाराला असते, परीक्षकाला असते.

कॅसेटनं हेच काम आपल्यासाठी केलं. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी होती तोवर काय रेकॉर्ड करायचं ते थोडे लोक ठरवत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या निघाल्या, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या पिढीनं जलशांतून जे पेरलं होतं त्याला वस्तूचं रूप आलं. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा आवाज, विठ्ठल उमपांची शाहिरी. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे स्टॉल लागू लागले. लोक भाकरी बांधून यायचे आणि परतताना एक पुस्तक, एक कॅसेट घेऊन जायचे. आमचं घर लातूर जिल्ह्यातलं. वडील रिक्षा चालवायचे, आणि रिक्षाच्या टेपचं हेड साफ करायला आईच्या ओढणीचा कोपरा असायचा.

या कॅसेटी मी शोधनिबंधाच्या कामासाठी पुन्हा ऐकल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांना क्रम आहे. ए बाजू बुद्धवंदनेनं किंवा भीमजन्मानं उघडते. मग रमाई येते, मग महाडचं पाणी, मग काळाराम, मग राज्यघटना. बी बाजूला चाल बदलते, कव्वालीचा ठेका येतो, समाजातल्या दुफळीवर टोमणे येतात, दारूवर येतात, आणि शेवटी महापरिनिर्वाण. एकाच माणसाचं आयुष्य आणि एका समाजाचं आयुष्य साठ मिनिटांत गुंफलेलं. पाश्चात्त्य समीक्षेत याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. आमच्याकडे याला 'भीमगीतांची कॅसेट' म्हणतात. एका चर्चासत्रात मी हे मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हसून विचारलं, पण ते संगीत आहे की प्रचार? मी उलट विचारलं की रामनवमीच्या मांडवातली कृती काय आहे? तिच्यात रामाचा प्रचार नाही? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

एक गंमत तर महाराष्ट्रानं लक्षातच घेतलेली नाही. पूजा असलेल्या असंख्य घरांत लाउडस्पीकरवर सत्यनारायणाची कथा ऐका म्हणून जो आवाज लागतो तो प्रल्हाद शिंदेंचा. आषाढीला विठ्ठलाच्या वाटेवर तोच. भीमाची गाणी गाणाऱ्या कंठातून सवर्ण घरांनी आपली भक्ती ऐकली. पुरस्कारांच्या यादीत ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता मागणी. राष्ट्रीय पातळीवर बिगर-चित्रपट ध्वनिमुद्रित अल्बमसाठी पुरस्कार असावा, भाषावार असावा, परीक्षकांची नावं आणि त्यांची मतं जाहीर असावीत, आणि 'लोक' हा वेगळा डबा नसावा, असं माझं मत आहे. यावर आपल्याच चळवळीतले मित्र म्हणतात, त्यांचे पुरस्कार आपल्याला कशाला हवेत? चैत्यभूमीवर लाखो लोक ऐकतात तो पुरस्कार नाही का? हे म्हणणं मला अर्धं पटतं. पण पुरस्काराबरोबर बाहुलीच येते असं नाही. ग्रॅमीसारख्या ठिकाणी प्रवेशिका भरायची तर प्रसिद्धीची तारीख लागते, कंपनीचं नाव लागतं, गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांची पूर्ण यादी लागते. म्हणजे पुरस्कार मिळो न मिळो, कागद तयार होतो. आणि कागद असेल तर रॉयल्टी मागता येते, पाठ्यपुस्तकात नाव छापून घेता येतं, पीएचडीच्या तळटीपेत उल्लेख करता येतो. कडूबाई खरात एकतारीवर गातात, मोबाइलवर लाखो लोक ऐकतात, तोच व्हिडिओ दहा चॅनलवाले उचलतात. ऐकणारे आहेत. हिशोब नाही.

हिशोबाचं सांगते, कारण ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो. १९८६ ची कॅसेट २०४६ च्या अखेरीपर्यंत. गीताच्या शब्दांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येणार नाही, असं केलं. आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे. तिथं वारसांना सदस्य होता येतं. पण त्यासाठी आधी सिद्ध करावं लागतं की गाणं कुणाचं. आणि आमच्या ट्रंकेतल्या कॅसेटींच्या इनलेवर, म्हणजे आतल्या रंगीत कागदावर, गायकाचा मोठा फोटो आहे, कंपनीचा पत्ता आहे, आणि गीतकारापुढे बऱ्याच ठिकाणी लिहिलंय 'पारंपरिक'. तीस-चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, ज्याचा कवी तेव्हा हयात होता, ते गाणं पारंपरिक!

यावर उपाय गाण्यातच आहे. आपले बहुतेक कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, संतांसारखं, शायरांसारखं. कंपनीनं कागदावरून नाव काढलं तरी चालीतून ते काढता आलं नाही. तर घरी गेलात की ट्रंक उघडा. कॅसेट लावण्याआधी पेन्सिलीनं रीळ हातानं एकदा फिरवून घ्या, फेल्ट पॅड सुटलेलं नाही ना ते बघा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. एका वहीत लिहा: कंपनी, क्रमांक, बाजू, गाण्याचा पहिला शब्द, गायक, शेवटच्या कडव्यातलं नाव. ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण, रेकॉर्डिंगला पैसे कुणी घातले, हे आजी, आत्या, मंडळाचे जुने कार्यकर्ते सांगतील. त्यांचंही नाव आणि तारीख लिहा.

आमच्या ट्रंकेत एकोणतीस कॅसेटी निघाल्या. 'पारंपरिक' लिहिलेल्या चौदा गाण्यांपैकी अकरांच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव स्पष्ट ऐकू आलं. एक आईला पाठ होतं, तिनं म्हणून दाखवलं. उरलेल्या दोन गाण्यांत नेमकं नाव येतं त्या ठिकाणी टेप एकमेकांना चिकटलीय. ती सोडवणारा कारागीर एसपी रोडला आहे असं कुणीतरी सांगितलंय, पुढच्या शनिवारी जाणार आहे.